जुना रस्ता, तीच खडी : कोल्ड रीसायकलिंग म्हणजे पाण्याचा हिशोब

चाकोरीबाहेर

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "रस्ता उकरला, भुगा केला आणि तोच भुगा परत अंथरला. याचे पैसे घेतात?" तिथेच उत्तर द्यायला बसलो, पण ते इतकं लांबलं की मूळ धाग्याचं अवांतर झालं असतं. म्हणून हा वेगळा संसार.

आधी माझी बाजू सांगून टाकतो. मी रस्त्याच्या कामांवर प्रयोगशाळा सांभाळतो. साचे (म्हणजे माल दाबून केलेले गोल ठोकळे) भरायचे, फोडायचे, आकडे लिहायचे आणि ते आकडे कुणाला रुचले नाहीत की बोलणी खायची. डांबरी रस्त्याचं कोल्ड रीसायकलिंग, म्हणजे न तापवता केलेला पुनर्वापर, हे गेली काही वर्षं माझं रोजचं काम आहे.

कृती ऐकायला अगदी सोपी वाटते. भेगाळलेला, चाकोऱ्या पडलेला रस्ता एक अवजड यंत्र खरवडत पुढे जातं. त्याच्या पोटात एक ड्रम फिरतो, ड्रमवर टंगस्टन कार्बाइडच्या टोकांचे दात असतात. तिथेच पाणी आणि नवं डांबर फवारलं जातं, चिमूटभर, म्हणजे १ टक्का, सिमेंट बहुतेक वेळा आधीच रस्त्यावर पसरलेलं असतं. मागून कालवलेला माल बाहेर पडतो, ग्रेडर किंवा पेव्हर तो पातळीत आणतो, रोलर दाबतो. या सगळ्या लवाजम्याला आम्ही 'ट्रेन' म्हणतो, कारण पुढे पाण्याचा टँकर, त्यामागे डांबराचा, मग यंत्र, असे सगळे एकमेकांना दांड्यांनी आणि नळ्यांनी जोडलेले चालतात. कुठेही भट्टी नाही, धूर नाही.

खोलीवरून याचे प्रकार पडतात. फक्त डांबरी थर ७५ ते १०० मिमी खरवडला तर ते जागेवरचं कोल्ड रीसायकलिंग. डांबरी थरासकट खालची खडीही घेऊन १५० ते ३०० मिमी उलटवलं तर पूर्ण खोलीचं. आणि खरवड ट्रकमध्ये भरून जवळच्या प्लांटमध्ये नेली, कालवली आणि परत आणून अंथरली तर प्लांटमधलं. नावांत फारसं अडकू नका.

मला सांगायचंय ते वेगळंच. लोक याला डांबराचं काम समजतात, पण माझ्या मते हे पाण्याचं काम आहे.

डांबर थंड असताना इतकं घट्ट असतं की ते खडीला लागतच नाही. नेहमीच्या गरम कामात खडी आणि डांबर दोन्ही १५०-१६० अंशांपर्यंत तापवतात, डांबर पातळ होतं, खडीला माखतं आणि गार होताना धरून ठेवतं. इथे ती आच नाही. आच जे करते ते इथे पाण्याकडून करून घ्यायचं असतं, आणि काम झालं की त्याच पाण्याला बाहेरची वाट दाखवायची असते. आच आपोआप निघून जाते. पाणी तसं जात नाही.

पाण्याकडून काम करून घेण्याचे दोन रस्ते आहेत. एक इमल्शन. यात डांबराचे काही मायक्रॉनचे थेंब पाण्यात तरंगत ठेवलेले असतात. थेंबांवर एकाच जातीचा विद्युतभार असल्याने ते एकमेकांना चिकटत नाहीत. रंग चॉकलेटी. खडीशी गाठ पडली की थेंब खडीला धरतात, पाणी वेगळं होतं, चॉकलेटी माल काळा पडतो. याला आम्ही इमल्शन 'फुटलं' म्हणतो. लवकर फुटलं तर माल पसरायच्या आत गोळे होतात, उशिरा फुटलं तर रोलरखाली माल दलदलीसारखा हलतो.

दुसरा रस्ता फोमचा, म्हणजे फेसाळलेल्या डांबराचा. इथे डांबर तेवढं तापलेलं असतं, खडी मात्र थंडच. १६० ते १८० अंश तापलेल्या डांबरात त्याच्या वजनाच्या दोन-तीन टक्के थंड पाणी आणि थोडी हवा दाबाने सोडली की पाण्याची क्षणात वाफ होते आणि डांबर साबणाच्या फेसासारखं दहा-पंधरा पट फुगतं. हा फेस काही सेकंदच टिकतो. तेवढ्यात तो मालात मिसळला तर मिसळला. कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठातले प्राध्यापक चॅनी यांनी १९५० च्या दशकात वाफ सोडून डांबर फेसाळवलं होतं, पण कामावर बॉयलर कोण ओढत नेणार? पुढच्या दशकात ऑस्ट्रेलियात मोबिल कंपनीने वाफेऐवजी साधं थंड पाणी वापरलं आणि तिथून हे रस्त्यावर आलं.

आता हिशोब. १ किलोमीटर लांब, ७ मीटर रुंद, १०० मिमी खोल घेऊ. ७०० घनमीटर, म्हणजे साधारण १,६१० टन माल. हाच माल खरवडून फेकायचा म्हटला तर १६ टनी शंभर ट्रक भरून जाणार आणि तेवढेच नव्या मालाचे येणार. रीसायकलिंगमध्ये हे दोनशे फेरे वाचतात, याबद्दल कुणाचं दुमत नसावं.

इमल्शन ३.५ टक्के धरलं तर ५६ टन लागेल. त्यात ६० टक्के डांबर, म्हणजे डांबर ३४ टन आणि पाणी २२ टन. फोमने केलं तर २ टक्क्यांनी ३२ टन डांबर आणि ते फेसाळवायला जेमतेम ८०० लिटर पाणी. पण दोन्हीत दबाईसाठी लागणारं पाणी निराळं. माल नीट दबायला एकूण ६ टक्के ओलावा हवा असेल तर किलोमीटरमागे ९७ टन पाणी मालात असतं. वरचा थर घालण्याआधी ते निम्म्यावर यायला हवं, असा दंडक आमच्या कामावर होता. म्हणजे जवळजवळ ५० टन पाणी, दहा हजार लिटरचे पाच टँकर, त्या थरातून हवेत जायला हवेत. ऊन चांगलं असेल तर ते जातंही. पण आभाळ, घाई आणि ठरलेली तारीख अशा तिघी एकत्र आल्या की काय होतं ते मी पाहिलंय. एका तुकड्यावर वरचा गरम थर घातला आणि दोन महिन्यांत चाकोऱ्या उमटल्या.

प्रश्न, शंका, विरोध, सगळ्याचं स्वागत आहे.

---

डांबरट

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर भांडायला येतो.

---

रोज_खड्डा

धागा आवडला. त्या दुसऱ्या धाग्यावरचा "भुगा"वाला मीच.

माझी शंका अजून तशीच आहे. रस्ता खराब झाला म्हणून उकरला ना? मग खराब झालेला मालच परत घालून रस्ता चांगला कसा होईल?

---

चाकोरीबाहेर

@रोज_खड्डा, बरं झालं आलात. खराब काय झालं हे पाहायचं. खडी लाखो वर्षं जुनी आहे, रस्त्यावरच्या पंधरा वर्षांनी तिचं काही बिघडत नाही. कडा थोड्या झिजतात इतकंच. म्हातारं होतं ते डांबर. हवेतल्या ऑक्सिजनने ते कडक होतं, ताण सहन करत नाही, तडकतं. मग पाणी आत शिरतं आणि थर सुटत जातात. बाद झालेली असते ती घडण. माल बहुतेक जागेवरच असतो. विटांची भिंत पडली म्हणून आपण विटा टाकून देत नाही.

मात्र एक अट आहे. खराबी वरच्या थरात हवी. खालची मातीच खचत असेल, गटार तुंबून रस्त्याच्या पोटात पाणी साठत असेल, तर वर काय कालवता याला काहीच अर्थ नाही. म्हणून आधी जागोजागी गाभे, म्हणजे रस्त्याचे गोल उभे नमुने, कापून थरांची जाडी पाहायची आणि खालच्या थरांत कोन पेनेट्रोमीटर ठोकायचा. ८ किलोचा हातोडा ५७५ मिमीवरून पडतो आणि प्रत्येक ठोक्याला शंकू किती मिमी आत गेला ते मोजायचं. कंटाळवाणं काम आहे, म्हणून सगळे टाळतात. एकदा टाळलं तेव्हा यंत्रच खाली रुतलं होतं, बाहेर काढायला अर्धा दिवस गेला. फक्त डांबरी थर खरवडायचा असेल तेव्हा त्याचे २५ ते ५० मिमी तरी खाली शाबूत ठेवायचे असतात, नाहीतर ही सगळी ट्रेन उभी कशावर राहणार?

---

रसायनी

छान लिहिलंय. "डांबर म्हातारं होतं" यात थोडी भर घालते.

हवेमुळे डांबरातले हलके, तेलकट घटक कमी होत जातात आणि ॲस्फाल्टीन नावाचे जड घटक वाढतात. सुई टोचून मऊपणा मोजण्याची जी चाचणी आहे त्यात नवं डांबर ६०-७० दाखवत असेल तर जुन्या रस्त्यातून काढलेलं २० किंवा त्याहूनही कमी दाखवू शकतं. खरा वाद पुढे आहे. थंड पुनर्वापरात हे जुनं डांबर जागं होतं का? का ते नुसतं खडीवरचं काळं कवच बनून राहतं? गरम कामात जुनं डांबर वितळून नव्यात थोडंफार मिसळतं, त्यामुळे नवं कमी घालता येतं. थंड कामात तापमानच नाही. म्हणून बरेचजण जुन्या मालाला सरळ 'काळा दगड' धरतात.

मला ते पूर्ण पटत नाही. कडक उन्हात केलेल्या कामात आणि थंडीत केलेल्या कामात एकाच मालाची दबाई वेगळी येते. म्हणजे ते कवच तापमानाला काहीतरी उत्तर देतंच आहे. अगदी दगडासारखं ते वागत नाही.

---

चाकोरीबाहेर

@रसायनी, माझंही हेच मत आहे, फक्त मी ते साच्यांवरून म्हणतो. एकच माल २५ अंशांना आणि ४० अंशांना दाबला की घनतेत फरक स्पष्ट दिसतो. संकल्प करताना, म्हणजे मालाचं प्रमाण ठरवताना, मात्र मी काळा दगडच धरतो. जुन्या डांबराने मदत केली तर ती वरकमाई.

---

डांबरट

हां, आता भांडायला आलो. नाव पाहून गैरसमज नको, डांबराच्या धंद्यात आहे म्हणून डांबरट. (दुसरा अर्थही लागू पडतो असं घरचे म्हणतात.)

चाकोरीबाहेर साहेब, पुस्तकात सगळं गोड असतं. जुना रस्ता म्हणजे काय हो? एकाच किलोमीटरात इथे ठिगळ, तिथे पाइपलाइनचा चर, पुढे तीनदा थर चढवलेला भाग. शंभर मीटरवर डांबरी थर १४० मिमी, पुढे गेलात की ६०. तुम्ही दोन पोती नमुना नेणार, प्रयोगशाळेत साचे करणार आणि ३.५ टक्के इमल्शन लिहून देणार. यंत्र चालतंय तेव्हा खालून काय येतंय ते कुणाला माहीत? ६० मिमीच्या जागी १०० खरवडलं की खालची मातकट खडी वर येते, बारीक धूळ वाढते आणि तुमचं इमल्शन ती पिऊन टाकते.

दुसरं असं की गरम मालात प्लांटवर सगळं मोजून येतं. इथे रस्ताच प्लांट. मोठ्या वाहतुकीच्या महामार्गावर हे चालेल यावर माझा विश्वास नाही. गावाकडचे रस्ते ठीक.

---

चाकोरीबाहेर

@डांबरट, पहिल्या मुद्द्याला शंभर टक्के अनुमोदन. म्हणूनच सरासरी नमुना हा शब्द मला आवडत नाही. आधी रस्त्याचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याचा नमुना वेगळा, संकल्प वेगळा. आणि चालकाच्या शेजारी हातात नकाशा घेऊन एक माणूस, "आता ठिगळ येतंय" म्हणून ओरडायला. मॅनहोलची झाकणं कुठे आहेत हेही त्यालाच माहीत हवं. आमच्या एका चालकाला नव्हतं. एका झाकणाने ड्रमचे दात किती मोडले ते विचारू नका.

महामार्गाबद्दल मात्र पुरावा आहे. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात इंटरस्टेट ८१ नावाचा ट्रकांनी भरलेला महामार्ग आहे. त्याचा सुमारे ६ किलोमीटरचा तुकडा, दक्षिणेकडे जाणारी बाजू, २०११ मध्ये असाच केला. ज्या लेनमधून जड ट्रक जास्त चालतात तिथे खाली पूर्ण खोलीचं आणि त्यावर प्लांटमधलं थंड मिश्रण घातलं, डाव्या लेनमध्ये जागेवरचं. पुढच्या वर्षी, २०१२ मध्ये, अलाबामातल्या एनसीएटी या डांबरी रस्त्यांच्या संशोधन केंद्राच्या चाचणी मार्गावर अशाच मिश्रणाचे तुकडे घातले. तिथे वजन लादलेले ट्रक सतत गोल फिरवतात. थंड थर सुमारे १२५ मिमी आणि त्यावर गरम थर कुठे १००, कुठे १५० मिमी. पहिल्या फेरीच्या साधारण १ कोटी प्रमाणित आसभारांनंतर (रस्त्यावरून गेलेला जड वाहनांचा भार मोजायचं हे एकक) वर भेगा दिसल्या नाहीत.

---

डांबरट

वा! म्हणजे वर १०० मिमी गरम माल आहेच की. मग कौतुक कुणाचं करायचं, खालच्याचं की वरच्याचं?

---

चाकोरीबाहेर

दोघांचंही. हे मी मूळ लेखात नीट लिहिलं नव्हतं, चूक माझी. थंड थर हा पृष्ठभाग नव्हे. दाबल्यावरही त्यात ९ ते १४ टक्के पोकळी राहते. गरम थरात ती साधारण त्याच्या निम्मी असते. एवढ्या पोकळीत पाऊस सरळ उतरतो आणि चाकं वरची खडी उपटतात. म्हणून वर काहीतरी लागतंच. वाहतूक कमी असेल तर सीलकोट, म्हणजे पाणी अडवणारा पातळ डांबरी लेप, पुरतो, जास्त असेल तर गरम थर. पण त्या गरम थराची जाडी खालचा थर किती साथ देतो यावर ठरते आणि बचत तिथे होते. भेगाळलेल्या जुन्या थरावर नुसता नवा थर चढवून पाहा, खालच्या भेगा वर यायला फार वेळ लागत नाही. शिवाय दर वेळी रस्ता वर वर चढतो. पदपथ बुडतो, गटाराची तोंडं खाली जातात.

---

पाथरवट

एक प्रश्न. सिमेंट १ टक्काच का? ३ टक्के घाला, ताकद वाढेल, पाणीही शोषलं जाईल, तुमचा पाच टँकरांचा प्रश्नच मिटला.

---

चाकोरीबाहेर

@पाथरवट, हा मोह सगळ्यांना होतो, आणि आकडे सुरुवातीला तुमच्याच बाजूने बोलतात. आम्ही १०० मिमी व्यासाचे साचे आडवे ठेवून दाबतो, म्हणजे ते मधून ताणाने फुटतात. जड वाहतुकीच्या थरासाठी कोरड्या साच्याला किमान २२५ आणि भिजवलेल्याला १०० किलोपास्कल यायला हवेत. ३ टक्के सिमेंट घातलं की दोन्ही आकडे उड्या मारत वर जातात.

पण मग फुटण्याआधी साचा किती वाकला ते बघा. डांबराने बांधलेला थर चाकाखाली वाकतो आणि परत येतो. सिमेंट जास्त झालं की वाकायचं विसरतो. वर तो वाळताना आकसतो, आडव्या भेगा पडतात आणि त्या सरळ वरच्या थरात चढतात. म्हणजे भेगा काढायला आलो आणि नव्या पेरून गेलो. दक्षिण आफ्रिकेत या तंत्रावर बरंच काम झालंय. तिथल्या मार्गदर्शिकेत सिमेंट १ टक्क्याच्या वर नको आणि डांबरापेक्षा जास्त तर नकोच असा दंडक आहे. तो १ टक्काही ताकदीसाठी कमी आणि पाण्यासाठी जास्त असतो. त्याने इमल्शन वेळेवर फुटतं, फोमला चिकटायला बारीक कण मिळतात आणि भिजल्यावर थर लगेच ढासळत नाही.

१०० मिमी खोलीला १ टक्का म्हणजे चौरस मीटरला २.३ किलो. ५० किलोचं पोतं जवळपास २२ चौरस मीटरला. हाताने पसरताना लोक अंदाजे ओततात आणि मग तुमचे ३ टक्के नकळत होऊन जातात.

---

निवृत्त_रोलर

मुलांनो, वाचतोय सगळं. मी यंत्रांवर आयुष्य काढलं, लिहायची सवय नाही, तरी दोन गोष्टी सांगतो.

मोजमापं हवीतच, पण मालाचा ओलावा हाताला कळतो. मूठभर माल घ्यायचा, घट्ट दाबायचा, मूठ उघडायची. गोळा टिकला पाहिजे आणि तळव्यावर ओल ठिपक्यांसारखी दिसली पाहिजे. तळवा ओलाचिंब झाला तर पाणी जास्त. गोळा मोडला तर कमी. फोमच्या मालात तळव्यावर डांबराचे बारीक ठिपके उमटतात. ठिपक्यांऐवजी दोरे दिसले की समजायचं, फेस नीट झाला नाही, डांबर तरी गार आहे नाहीतर नोझल तुंबलाय.

दुसरं रोलरचं. जाड थर असेल तर आधी पायांचा रोलर (ड्रमवर उंचवटे असतात तो), नाहीतर वरचं कडक आणि तळ पोकळ. पायांचे ठसे उथळ होत गेले की तळ बसला. मग ग्रेडर, मग साधा व्हायब्रेटरी, शेवटी टायरचा. टायरचा रोलर माल मळतो, तोंड बंद करतो. घाईत तोच वगळतात.

आणि टँकरवाल्यांना एक सांगणं. इमल्शन नेलेल्या टँकरात तळाशी पाणी उरलेलं असताना तापलेलं डांबर भरू नका. आतल्या आत फेसाळून झाकणातून उसळी मारतं. मी एकदा पाहिलंय, नशिबाने कुणी वर उभं नव्हतं.

---

रसायनी

काका, हा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. दोरे नाहीत, ठिपके हवेत हे मी प्रयोगशाळेत शिकले तेव्हा कुणी कारण सांगितलं नव्हतं. कारण असं की फेसाळलेलं डांबर मोठ्या खडीला माखतच नाही, ते फक्त धुळीच्या कणांना चिकटतं. त्या चिकट धुळीचे ठिपके खड्यांना जागोजागी टाके घातल्यासारखे धरतात. म्हणून त्यात ७५ मायक्रॉनच्या खालची धूळ निदान चार-पाच टक्के तरी लागते.

---

रोज_खड्डा

थांबा, म्हणजे फोमच्या रस्त्याचा माल काळाभोर दिसत नाही?

---

चाकोरीबाहेर

नाही. खालची खडी मिसळलेली असेल तर ओल्या मातकट खडीसारखाच दिसतो. त्यावरून "डांबर खाल्लं" म्हणून एकदा काम बंद पाडलं होतं लोकांनी. त्यांची काही चूक नाही, काळा म्हणजे डांबरी हेच आपल्या डोळ्यांना माहीत. शेवटी बादलीत फेस काढून दाखवला. घड्याळ लावून, पट्टी बुडवून. फेस किती पट चढला आणि निम्म्यावर यायला किती सेकंद लागले, आमची चाचणीही हीच असते. फेस बघितल्यावर सगळे मोबाइल काढून उभे.

---

डांबरट

अवांतर: आपण सरसकट डांबर डांबर म्हणतोय, पण खनिज तेलापासूनचं बिटुमेन वेगळं आणि कोळशापासूनचं टार वेगळं. मराठीत दोघांना एकच शब्द.

---

रसायनी

अवांतर नाहीच ते! कपाटातल्या डांबरगोळ्या आठवा. नॅफ्थलीन पूर्वी कोळशाच्या डांबरातून काढायचे म्हणून त्या डांबरगोळ्या. युरोपात जुन्या रस्त्यांत हे कोळशाचं डांबर भरपूर वापरलं गेलंय आणि त्यात कर्करोगाला कारण ठरणारी संयुगं असतात. असा माल तापवला की ती धुरातून बाहेर पडतात. त्यामुळे जर्मनीत टार असलेला जुना माल गरम प्लांटला न देता थंडच बांधून खालच्या थरात कोंडण्याची पद्धत रूढ झाली होती. म्हणजे थंड पद्धत निवडण्यामागे दर वेळी इंधनाची बचतच असते असं नाही.

---

पाथरवट

प्रतिसाद काढून टाकला आहे. (दोनदा पडला होता.)

---

डांबरट

मुद्द्यावर येतो. चाकोरीबाहेर, तुम्ही मूळ लेखात एक वाक्य टाकून पुढे सटकलात. "दोन महिन्यांत चाकोऱ्या उमटल्या." तिघी एकत्र आल्या वगैरे ठीक आहे. पण ओलावा मोजायचं काम प्रयोगशाळेचं. म्हणजे तुमचं. तुम्ही मोजला नव्हता का?

---

चाकोरीबाहेर

@डांबरट, हा प्रश्न येणार हे माहीत होतं.

मोजला होता. न्यूक्लिअर गेजने. हे यंत्र ओलावा थेट मोजत नाही, हायड्रोजन मोजतं आणि तो पाण्यातला आहे असं धरून आकडा देतं. नव्या खडीत ते चालतं. जुन्या डांबरी मालात डांबराचाही हायड्रोजन असतो, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून तिथलाच माल भट्टीत वाळवून खरा ओलावा काढायचा आणि दोन्हींतला फरक गेजच्या आकड्यातून वजा करायचा.

आधीच्या तुकड्यात हा फरक २ टक्के आला होता. नंतरच्या तुकड्यात खालची खडी जास्त आली होती, जुनं डांबर कमी. तिथे फरक बराच कमी असणार होता. पण आभाळ भरून आलेलं, गरम मालाचे ट्रक निघायच्या बेतात, आणि भट्टीत नमुना वाळायला वेळ लागतो. गेज ४.८ दाखवत होतं. त्यातून मागचेच २ वजा केले, २.८ लिहिले. ३ च्या आत, म्हणून मंजूर. खरा ओलावा ४ च्या वर होता हे थर उघडल्यावर कळलं. वर गरम थराचं झाकण बसलं आणि ते पाणी आतच राहिलं. जड वाहनांनी बाकीचं केलं.

त्या कागदावर सही माझी होती.

---

निवृत्त_रोलर

होतं बाळा. आमच्या वेळी सही करायलाही कुणी नसायचं.

---

पाथरवट

मग त्या तुकड्याचं पुढे काय केलंत? आणि अशा वेळी पाऊस आलाच तर काय करायचं?

---

चाकोरीबाहेर

पावसाचं आधी. माल अंथरून दाबलेला असेल आणि तोंड टायरच्या रोलरने बंद केलेलं असेल तर एका सरीने फारसं बिघडत नाही. पाणी वाहून जाईल एवढा उतार ठेवायचा, वाहतूक वळवायची आणि उघडीप होईपर्यंत गप्प बसायचं. अर्धवट दाबलेला माल भिजला तर तो परत उलटवून, वाळवून, पुन्हा दाबायचा. मात्र सिमेंट घातल्यावर काही तासच हातात असतात, नंतर उलटवलं तर धरलेली पकड मोडते. इमल्शन फवारायच्या आधी आभाळ फाटलं तर यंत्र थांबवायचं, हे सांगायची गरज नसावी, पण असते.

त्या तुकड्यावरचा गरम थर काढला. खालचा थर पुन्हा तेवढ्याच खोलीला खरवडला, मोकळा करून दोन दिवस उन्हात उलटपालट करत ठेवला. नवे साचे केले, थोडं इमल्शन आणि १ टक्का सिमेंट घालून परत दाबला. या वेळी दर २०० मीटरला भट्टीचा नमुना काढला आणि ओलावा उतरायला अकरा दिवस लागले, तेवढे थांबलो. काढलेला गरम थर शेजारच्या तुकड्याच्या मालात मिसळून टाकला.

---

रोज_खड्डा

म्हणजे तोच भुगा तिसऱ्यांदा?

---

चाकोरीबाहेर

हो. खडी तीच.